मापाचा ड्रेस

टेलरमामू आमच्याकडे कधी बघायचे नाहीत. वयात आलेली कुठलीही मुलगी दुकानाच्या पायरीशी आली की त्यांची मान खाली जायची, ती मुलगी वळून जाईपर्यंत खालीच. बोलायचे ते मशीनच्या चाकाशी. "काय आणलं, माय? ठिव तिथं. परवा ने." संपलं. आणि तरी गावातल्या मुलींचं जेवढं त्यांना कळायचं तेवढं आमच्या आयांना कळत नव्हतं. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा ते आम्हाला नुसते एक खडूस म्हातारे वाटायचे आणि पायरी उतरलो की आम्ही त्यांच्या खाकरण्याची नक्कल करून पोट धरून हसायचो.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. मुलगी सातवीच्या पुढे गेली की टेलरने तिच्या अंगाला टेप लावायची नाही, असा आमच्याकडे रिवाज. कुणी घालून दिला कुणास ठाऊक. लहान पोरांची मापं मामूंची बायको, आमची खाला, आतल्या ओट्यावर घ्यायची. मोठ्या मुलींचा 'मापाचा ड्रेस' जायचा. म्हणजे अंगाला बरोबर बसणारा एखादा जुना ड्रेस पिशवीत घालून द्यायचा आणि त्यावरून त्यांनी नवा बेतायचा. मामू तो हातात घेतला की आधी उलटा करायचे. आतली शिवण, काख, कॉलर, बाहीची टोकं, सगळं बोटांनी चाचपायचे आणि मग निळ्या वहीत आकडे लिहायचे. प्रत्येक मुलीच्या नावापुढे दर जूनचे आकडे. वाढत्या लेकराचा आकडा वाढणार म्हणून ते शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवायचे आणि पुढच्या जूनला उसवून सोडून द्यायचे. गावातल्या निम्म्या मुलींचे गणवेश असे दोन-दोन वर्षं निघाले आहेत. माझाही निघाला.

माझ्या बाबांची पिठाची गिरणी मामूंच्या दुकानासमोर. गिरणी चालू असली की दोघे एकमेकांशी ओरडून बोलायचे आणि गिरणी बंद झाली तरी सवयीने ओरडूनच बोलायचे. दळणाला आलेल्या बायांना मामू मधूनच काहीतरी सांगायचे. "तुमची पोरगी दप्तर एकाच खांद्यावर घेते. शिवण तिकडंच फाटून राहिली. खांदा बदल म्हणा तिला." कुणाला, "पोरगं कॉलर चावून राहिलं. मास्तर मारते का, इचारा." आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. बाबा हसून म्हणायचे, "मामू, तुमी डॉक्टर व्हायला पायजे व्हतं." त्यावर मामू म्हणायचे, "डॉक्टरपुढं माणूस जाते, नामदेव. माणूस लपवते. माझ्यापुढं नुसता कपडा येते."

'काहून' हा त्यांचा आवडता शब्द. कुणी काही वेगळं सांगितलं की चाक थांबवून विचारणारच. माझ्या आतेभावाने पँटला सहा खिसे सांगितले. "काहून? दुकान टाकतो का?" एका गुरुजींनी शर्ट दोन बोटं आखूड सांगितला. "काहून? पोट झाकायचं न्हाई का?" गिरणीतल्या बाया पदरात तोंड घालून हसायच्या. कारण नीट सांगितल्याशिवाय मामू कापडाला कात्री लावत नसत. लोक चिडायचे, पण दुसरीकडे जायचे नाहीत, कारण मामूंच्या हातचा कपडा अंगाला नावं ठेवू देत नसे. तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून एक कपडा सैल किंवा घट्ट म्हणून परत आला नव्हता. याचा त्यांना फार अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

एकदाच मी त्यांना 'काहून' न विचारता कापड ठेवून घेताना पाहिलं. ते शारदाचं होतं.

शारदा माझ्या बाकावरची. आईबाप दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला घाटावर जायचे आणि ती चुलतीकडे राहायची. अक्षर इतकं सुरेख की मास्तर फळ्यावर तिच्याकडून लिहून घेत. आम्ही दोघींनी नर्स व्हायचं ठरवलं होतं. म्हणजे ठरवलं तिने आणि मी मान हलवली, आमचं बहुतेक सगळं असंच चालायचं. दहावीच्या वर्षी घरात बोलणं सुरू झालं की पोरगी आता मोठी झाली, सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायची? लग्न करून मोकळं व्हावं. शारदा घरी दोन-तीनदा नाही म्हणाली, मग म्हणेनाशी झाली. मग हसेनाशी झाली. फळ्यावर लिहायला उठवलं की खडू हातात धरून नुसती उभी राहायची. मास्तर म्हणाले, "लग्नाचे वेध लागलेत वाटतं," आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले.

परीक्षा संपली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. शारदाची आई कारखान्यावरून परतली होती. ती दोन ड्रेसांचं कापड आणि मापाचा ड्रेस घेऊन मामूंकडे आली आणि म्हणाली, "बाह्या पूर्ण ठेवा, मनगटापस्तोर." मी गिरणीच्या दारात बसले होते. मला वाटलं, आता मामू चाक थांबवणार. चाक थांबलंही. मापाचा ड्रेस उलटा करून ते बराच वेळ बघत राहिले. मग काही न बोलता त्यांनी वहीत लिहिलं आणि परवा न्यायला सांगितलं.

वैशाखात लग्न झालं आणि नागपंचमीच्या आधी शारदा गेली. कशाने, तर पोटदुखीने. आमच्याकडे मुली पोटदुखीनेच जातात. सासरची माणसं तेच सांगतात, माहेरची तेच सांगतात, कागदावरही तेच येतं आणि ऐकणारा मान हलवून दुसऱ्या विषयाकडे वळतो. कारण पुढे विचारलं तर स्वतःच्या घरातल्या मुलीकडेही बघावं लागेल. मी आईला विचारलं, "असं कसं पोट दुखलं?" आई म्हणाली, "गप. पुन्हा नाव काढू नको तिचं." आईला राग नव्हता आला, तिला भीती वाटली होती. पण ते मला कळायला फार वर्षं लागली.

त्यानंतर माझं जे झालं त्याला तेव्हा माझ्याकडे शब्द नव्हता. अकरावीचं पुस्तक उघडायचं आणि एकाच ओळीवरून डोळे फिरत राहायचे. जेवण समोर आलं की ताट सरकवून उठायचे. झोप नाही. अंघोळ करणंसुद्धा डोंगराएवढं वाटायचं. कुणी हाक मारली तर तोंडातून ओ निघेपर्यंत हाक मारणारा निघून गेलेला असायचा. सगळ्यात वाईट म्हणजे मी वर्गात हसले होते, ते हसू मला दिवसभर ऐकू यायचं. मी बाह्या ओढून घेऊ लागले. का, ते इथे सविस्तर लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

घरच्यांनी काही केलं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. आईने मीठ-मोहरी उतरवली. बाहेरचं काही लागलं असेल म्हणून एका देवऋष्याकडे तीन अमावास्या नेलं, त्याने दंडाला ताईत बांधला. काका म्हणाले, हे सगळं मोबाइलमुळं. म्हणून बाबांनी मोबाइल काढून कपाटात टाकला. त्या मोबाइलमध्ये शारदाने सासरहून पाठवलेला तिचा आवाज होता, पंधरा-वीस सेकंदांचा, 'कोमे, तू अभ्यास कर गं' एवढाच. तो ऐकून मी दिवस ढकलत होते. आता तेही गेलं. डॉक्टरचं नाव एकदा निघालं, तर आई म्हणाली, "वेड्याच्या डॉक्टरकडं पोरगी नेली असं झालं की दोघींचीही लगनं झाली." दोघी म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण आरती. आरती तेव्हा सातवीत होती.

मामूंना हे कसं कळलं? आईनेच त्यांच्या हातात दिलं, दुसरं काय. माझे कपडे अंगावर लोंबायला लागले. लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून आईने दिवाळीच्या आधी माझा ड्रेस आत घ्यायला दिला. मामूंनी दोन बोटं आत घेतला. संक्रांतीच्या सुमाराला आईने तोच ड्रेस पुन्हा दिला. मामूंनी तो उलटा केला, बाह्यांची टोकं बघितली, वही काढली आणि आईला म्हणाले, "माय, या वयात पोरीचं माप वाढते. हिचं दोनदा घटलं. हे टेलरचं काम न्हाई. हिंगोलीला ने तिला."

आई म्हणाली, "तुमी शिवायचं बघा, मामू." मामूंनी ड्रेस शिवून दिला. आई घरी येऊन धुसफुसत राहिली, भांडी आदळत राहिली. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. मला वाटलं, चला, कुणाला तरी कळलं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, कळून काय होणार?

होळीनंतर काकांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. लग्नाने माणूस ठिकाणावर येतं, असं त्यांचं म्हणणं. अठरा पूर्ण व्हायला वर्ष होतं, तोवर साखरपुडा उरकून ठेवू. साडी नको असं आईनेच ठरवलं. साडीत हाडं दिसली असती आणि ब्लाउजच्या बाह्यांचं नाव काढलं की मी उठून आतल्या खोलीत जायचे. म्हणून तोच दहावीच्या वेळचा मरून रंगाचा ड्रेस, पूर्ण बाह्यांचा. तोही आता सैल झाला होता. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आईने तो तिसऱ्यांदा मामूंकडे टाकला आणि उद्या दुपारच्या आत पाहिजे म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे सांगितल्या वेळेच्या तासभर आधीच टपकले. घरात एकच धांदल. ड्रेस आला तो इस्त्री करून, घडी घालून, कागदात बांधून. आईने कागद फाडला, ड्रेस माझ्या डोक्यातून घातला, ओढणी लावली आणि ट्रे हातात दिला. मी दोन पावलं चालले तेव्हा तिच्या लक्षात आलं. मामूंनी ड्रेस आत घेतलाच नव्हता. उलट आधी दोनदा आत घेतलेलं सगळं उसवून टाकलं होतं. दहावीच्या जूनला वहीत माझ्या नावापुढे जे आकडे लिहिले होते, बरोबर त्या मापाचा ड्रेस माझ्या अंगावर होता. मी पूर्वी केवढी होते ते त्या ड्रेसवरून दिसत होतं आणि मी आता केवढी उरले होते तेही. खांदे दंडावर आले होते. गळा एका बाजूला घसरला होता. पण बाहेरून काकांची हाक आली, "आणा पोरीला," आणि मी गेले.

मुलाच्या आईने पोह्याला हात लावला नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आईला हळूच विचारलं, "पोरगी बिमार हाय का ओ?" चहा अर्धा ठेवून पाहुणे उठले.

आई तशीच अनवाणी मामूंच्या दुकानावर गेली. मी मागे गेले, कारण मला घरी एकटीला थांबवेना. गिरणीत दळणाच्या पाच-सहा बाया होत्या. आईने तोंडाला येईल ते मामूंना सुनावलं. मामू उभे राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, "पाच महिन्यात पोरीचं अंग चार बोटं उतरलं, माय. मी किती डाव झाकू?"

झालं. परक्या पुरुषाच्या तोंडी माझं अंग. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. काका पाहुण्यांना वाटेला लावून तिथे पोचले होते, त्यांनी ते वाक्य उचललं. "हिचं अंग किती उतरलं ते याला कसं कळलं? बघितल्याबिगर कळते का?" पाच मिनिटांत गिरणीपुढे माणसं जमली. मापाच्या ड्रेसाचा रिवाज त्या सगळ्यांनाच माहीत होता, त्यांच्या घरातून तसेच ड्रेस जात होते. एकालाही तो आठवला नाही. मामू मुसलमान आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने म्हणालं. बाबांनी गिरणी बंद केली. ते मधे उभे होते, अंगभर पीठ, आणि कुणाची बाजू घ्यावी ते त्यांना सुचत नव्हतं.

मग काका माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ केला. "घाबरू नको, बेटा. सांग. यानं तुला कधी हात लावला का?"

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. मी दहा वर्षं रोज ते देते आहे, भांडी घासताना, बसमध्ये, अंघोळ करताना. त्या दिवशी ते आलं नाही. आजारपण होतं, हे खरं. त्या दिवसांत मला साधं पाणी मागायलाही जमत नव्हतं. पण पूर्ण खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. मला वाटलं, तोंड उघडलं तर पुढचा प्रश्न येईल, मग या म्हाताऱ्याने पाहिलं काय? आणि मग सगळे माझ्या बाह्यांकडे बघतील. म्हणून मी जमिनीकडे बघत उभी राहिले. काकांनी परत विचारलं. मी गप्प. तेव्हा काका लोकांकडे वळून म्हणाले, "पोरगी बोलून राहिली न्हाई, यातच समजा." आणि लोकांनी समजून घेतलं.

कुणी हात उचलला नाही, एवढं बाबांनी सांभाळलं. पण दुकान उद्याच्या उद्या खाली करायचं ठरलं. मामूंनी स्वतःच्या बाजूने एक शब्द काढला नाही. गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, खिशात ठेवली. खाला आतून रडत बाहेर आली, तिला त्यांनी आत जायला सांगितलं. मग आईच्या जवळ येऊन, मान तशीच खाली, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "माय, एक डाव तिची बाही वर करून बघ. मंग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे." मी आईच्या मागेच होते, म्हणून मला ऐकू आलं.

घरी आल्यावर आईने दार लावलं आणि माझा हात धरला. मी ओढून घेतला. तिने परत धरला आणि बाही वर केली. आई किंचाळली नाही की रडली नाही. चुलीजवळ बसली आणि माझा हात मांडीवर घेऊन किती तरी वेळ त्यावरून तळवा फिरवत राहिली, लहानपणी ताप आला की फिरवायची तसा. मग म्हणाली, "उद्या हिंगोलीला जाऊ."

सकाळच्या बसने आम्ही तिघं निघालो तेव्हा मामूंचं सामान टेम्पोत चढत होतं. मशीन आडवं करून दोरीने बांधलं होतं. बाबांनी तिकडे पाहिलं नाही. आईने पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. बस वळली.

हिंगोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी माझ्याशी अर्धा तास एकटीशी बोलून घेतलं. मी पहिल्यांदा शारदाचं नाव मोठ्याने घेतलं. बाबांनी विचारलं, "म्हंजे वेड लागलं का तिला?" त्या म्हणाल्या, "वेड नाही. आजार आहे. उशीर केलात, पण अजून वेळ गेलेली नाही." ते वाक्य ऐकून मला वाटलं होतं की धावत जाऊन तो टेम्पो थांबवावा. गोळ्या सुरू झाल्या. दोन वर्षं चालल्या, मधे सोडल्या, पुन्हा कोसळले, पुन्हा सुरू झाल्या. गावात काय सांगितलं? पोटाचा अल्सर. होय, पुन्हा पोटच.

आणि मामूंचं काय? काहीही नाही. आईबाबांना खरं कळलं होतं. बाबा महिनाभर नीट जेवत नव्हते. पण मामूंनी काय पाहिलं ते सांगितल्याशिवाय त्यांना निर्दोष म्हणता येत नव्हतं आणि ते सांगितलं की माझा आजार गावापुढे येत होता. मग माझं लग्न, मग आरतीचं लग्न. म्हणून आम्ही तिघांनी मिळून गप्प बसायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे बसून बोललो असं नाही, पण ठरलं. माझी अब्रू आम्ही मामूंची देऊन राखली. हे मी रागाने लिहीत नाही आहे. लाजेने लिहिते आहे.

आता मी कळमनुरीला मुलींच्या एका वसतिगृहात काम करते. साठ मुली आहेत, बहुतेकींचे आईबाप कारखान्यावर. तीन वर्षांपूर्वी मुलींच्या दप्तरांच्या चेन दुरुस्त करायला आठवडी बाजारात गेले, तर पोत्यावर बसलेला म्हातारा खाकरला. त्या खाकरण्याची मी किती नक्कल केली होती! पुढ्यात चेनचे तुकडे आणि पकड, मशीन नाही.

"मामू," मी म्हटलं, "मी कोमल. नामदेव गिरणीवाल्याची."

मान वर झाली नाही. हात मात्र थांबला. "जेवण जाते का बराबर?"

"जातं."

"झोप?"

"येते."

"गोळ्या बंद केल्या का? आपल्या मनानं तर न्हाई ना केल्या?"

"नाही, डॉक्टरांनी केल्या."

"मंग बराबर," म्हणाले आणि चेन बसवायला लागले. मी तिथेच बसून रडले. बाजार चालू होता, लोक बघत होते, मला फरक पडत नव्हता. रडून झाल्यावर ते सांगू लागले. "मला वाटलं, तुझी माय घरी घालून बघंल, घाबरंल, माझ्यासंगं भांडाया येईल. मंग सांगू समजावून. पाव्हणे घरात येऊन बसलेत हे मला काय ठाव?" थोड्या वेळाने म्हणाले, "शारदाच्या टायमाला तोंडात आलं व्हतं, काहून. मापाच्या ड्रेसाच्या बाहीला आतून डाग व्हते, धुतलेले. म्या बघितले. लगन ठरलेलं, म्हटलं आपुन काहून मधी पडा. आन वरून पूर्ण बाह्या शिवून देल्या. माझ्या हातानं."

मी माफी मागितली. तेव्हा मामू म्हणाले, "मला काहून मागतीस? इचारलं गावानं व्हतं. गावाला सांग. तुझी खाला वाट बघत गेली."

खाला गेल्याचं मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "दिवाळीला गावी गेले की सांगते, मामू. नक्की."

दिवाळीला गेले तर आरतीला बघायला पाहुणे यायचे होते. आई हात जोडून म्हणाली, "तिचं एवढं होऊ दे." मी थांबले. पुढच्या दिवाळीला दुसरे पाहुणे होते. पुन्हा थांबले. दर आठवड्याला मी बाजारात जायचे, गावाला सांगितलंस का असं मामूंनी एकदाही विचारलं नाही. "जेवण जाते का बराबर?" एवढंच विचारायचे, आणि मी दप्तर पुढे करायचे. या हिवाळ्यात एका बाजाराला त्यांच्या जागेवर पोतं नव्हतं. शेजारचा सुया-दोरेवाला म्हणाला, "मामू गेले ना, मॅडम. पंधरा दिवस झाले."

मामूंपासून मला एक सवय लागली आहे. वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत असतात, ते मी गोळा करताना उलटे करून बघते. गेल्या महिन्यात आठवीच्या एका मुलीचा ड्रेस हातात आला आणि बाहीला आतून धुतलेले डाग दिसले. मी तिला जवळ घेतलं, बोलतं केलं, तिच्या आईला बोलावलं. आई कारखान्यावरून दोन बस बदलून आली. सगळं ऐकलं, डॉक्टरकडे न्यायला तयार झाली, आणि मग माझ्या पायांशी वाकून म्हणाली, "मॅडम, सुट्टीच्या अर्जात पोटदुखी लिव्हा. एवढे उपकार करा."

मी लिहिलं. माझ्याच हाताने, पोटदुखी. मुलगी उपचार घेते आहे, बरी होईल असं वाटतं. पण तो अर्ज लिहून झाल्यावर मला कळलं, की मीसुद्धा तेच करते आहे, वरून पूर्ण बाही शिवून देते आहे.

म्हणून हे लिहिते आहे. आरतीचं लग्न अजून ठरायचं आहे. आई म्हणते, थांब. मी आरतीला विचारलं, ती म्हणाली, "ताई, लिही." छापून आलं की एक प्रत गिरणीच्या भिंतीवर लावायची, असं मी बाबांना फोनवर सांगितलं. बाबांनी आधी गिरणी बंद केली. मग म्हणाले, "खळ मी करून ठेवतो."

तर गावकरी मंडळी, दहा वर्षांपूर्वी गिरणीपुढे तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. मी नामदेव गिरणीवाल्याची थोरली पोरगी कोमल. मी तेव्हा आजारी होते. तो आजार मनाचा होता, पोटाचा नव्हता. शारदाचाही पोटाचा नव्हता. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. मामूंनी मला कधीही हात लावला नाही.